चाक थांबलेलं होतं

प्रिय अफजल,

पत्र बघून दचकू नकोस. रशिदा बाजारात भेटते, तिच्या हातात देते आहे, ती तुला जेवायच्या आधी देईल की नंतर ते तिचं ती बघेल. फोन तू उचलत नाहीस. आधी मला वाटलं नंबर बदललास, मग रशिदा म्हणाली नाही भाभी, तुमचं नाव आलं की तो फोन उलटा करून ठेवतो. ठेव बाबा. कागद उलटा करून ठेवलास तरी मागच्या बाजूलाही मी लिहिलेलंच असणार.

तू मेहुण्याच्या लूमवर बसतोस असं कळलं. डे शिफ्ट. हसू आलं असतं मला, येत असतं तर. ज्याला बंद खोलीत दोन घास जेवायला जमत नव्हतं, ताट घेऊन ओट्यावर जायचा, तो लूमच्या खडखडाटात दिवसभर उभा राहतो. पूर्णा ते भिवंडी शहर अंतर ते काय, रिक्षात बसलं की उतरायचंच. पण तू इकडे फिरकत नाहीस आणि आम्हीही कुणी तिकडे आलो नाही. स्टिअरिंगला हात लावत नाहीस म्हणे. मेहुण्याचा टेम्पोसुद्धा दुसऱ्याला काढायला सांगतोस. हे ऐकल्यावर मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मी ऐकलं आणि कपडे वाळत घातले. हल्ली माझं असंच आहे. कुणी काही सांगतं, ते कानात जातं, पुढे जातच नाही.

बातमी सांगते. मी टायर घेतले. गाडीला, आपल्या ट्रकला. बर्फावर चालणारे. हस आता. पूर्णाची रंजिता, जिनं बर्फ बघितला तो उसाच्या रसात नाहीतर मासळीच्या पाटीत, ती महिनाभर मानकोलीला टायरच्या दुकानात जाऊन बसत होती. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. माझी मृणाली कॉलेजातून आली की तिच्या फोनवर मी टायरचे व्हिडिओ लावायला सांगायची. परदेशातले गोरे लोक, बर्फात गाड्या घालतात, ब्रेक मारतात, पट्टीनं मोजतात गाडी कुठवर गेली ते. पोरगी बिचारी वाचून सांगायची. टायरच्या अंगावर डोंगराचं चित्र आणि त्याच्या पोटात बर्फाचं फूल असेल तर तो खरा थंडीचा टायर, नुसती अक्षरं असतील तर भरवसा नाही, असलं सगळं मला आता पाठ आहे. दहावीला भूगोल एवढा पाठ असता तर बरं झालं असतं.

पण मी त्या दुकानाची पायरी चढले ती टायर घ्यायला नाही. तुझ्या एका वाक्यासाठी चढले.

तुला आठवत असेल, न आठवून कसं चालेल. हरेशला पेटीतून आणलं त्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पेटीत बर्फाच्या लाद्या घातल्या होत्या आणि त्यांचं पाणी ओट्यावरून खाली येत होतं. तुझ्या हाताला पट्टी, अंगावर कुणाचा तरी मोठा स्वेटर, भिवंडीच्या उन्हात. तू सांगत होतास. काश्मीरच्या घाटात चढाला गाडी मागे सरकायला लागली, हरेश उतरला, मागच्या चाकाला दगड लावायला वाकला, तू ब्रेकवर उभा होतास. मग तू माझ्याकडे बघून म्हणालास, वहिनी, चाक फिरत नव्हतं, चाक थांबलेलं होतं, तरी गाडी येत होती. एवढंच वाक्य तू तीन-चारदा म्हणालास.

कुणाचा विश्वास बसला नाही रे. का बसेल? इथे चाक थांबलं की गाडी थांबते. आमच्या आज्याच्या बैलगाडीपासून आजवर तेच बघितलंय सगळ्यांनी. सगळे ड्रायव्हर लोक, आयुष्य रस्त्यावर गेलेले, आणि एकालाही तुझं बोलणं पटेना. माझ्या चुलतसासऱ्यांनी तोंडावर सांगितलं, ब्रेकवरून पाय निसटला असंल, आता गोष्टी सांगतो. कुणीतरी म्हणालं डोळा लागला असेल. मग कोपऱ्यातून प्रश्न आला की गाडीला डंपरचे टायर कुणी टाकले होते, घाटाच्या लाइनला असले टायर टाकायची अक्कल कुणाची. तू मान वळवून बघितलंस. माझे सासरे खांबाला टेकून बसले होते. तू म्हणालास, मीच. बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं, पोरगा गेलाय, मान खाली घालणार नाहीतर काय करणार.

त्यानंतर गावानं तुला सोडला नाही. धक्के मारून बाहेर काढला, आणि मी दारातच बसले होते, उठले नाही. त्या वेळी माझ्या अंगात उठायचं बळच नव्हतं. नंतर पूर्णात, वळ गावात, मानकोलीला, ज्या ज्या गोदामाच्या गेटवर तू गाडी मागायला गेलास तिथे तुझ्या आधी गोष्ट पोचलेली. मित्राच्या अंगावर गाडी घातली त्यानं. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? मीही गप्प होते. मला तेव्हा कोण खरं, कोण खोटं, याचं काही पडलेलंच नव्हतं. हरेश नव्हता, एवढीच एक गोष्ट होती, आणि तीही लांबून कुणी सांगितल्यासारखी वाटायची.

घरात खायचं तर कमवायला पाहिजे, म्हणून मी वळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये लागले. पॅकिंगला. मटार, पराठे, आइस्क्रीमचे डबे. जाड जाकीट देतात, हातमोजे देतात, तरी थोड्या वेळानं बोटं आपली राहत नाहीत. बाकीच्या बायका कटकट करतात. मला ते आवडतं, खरं सांगते. निदान तिथे बधिर व्हायला कारण तरी असतं.

तर तिथे आतल्या खोलीच्या दाराशी उतार आहे. दार उघडं-बंद होतं, बाहेरची दमट हवा आत येते आणि फरशीवर पांढरा थर धरतो. एकदा डब्यांनी भरलेली ट्रॉली मी त्या उतारावर उभी केली, ब्रेक पायानं दाबला, टक्क आवाज झाला. मी पुढे जाऊन दार लावायला वळले आणि बघते तर ट्रॉली येतेय. आवाज नाही, काही नाही. मी खाली चाकाकडे बघितलं. चाक फिरत नव्हतं, अफजल. जसंच्या तसं उभं होतं आणि ट्रॉली येत होती. मी बाजूला व्हायला पाहिजे होतं. मी नाही झाले. ती आली आणि माझ्या पोटाला टेकून थांबली, मांजर येऊन टेकतं तशी. सुपरवायझर बोंबलला, बाई मरायचंय का तुम्हाला. मी त्याला म्हटलं, साहेब, ब्रेक लागलेला आहे, बघा. त्यानं बघितलं, पुन्हा दाबला, म्हणाला ब्रेक तर बरोबर आहे. म्हटलं तेच तर मी सांगतेय.

दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटल्यावर मी सरळ मानकोलीला इक्बालचाचांकडे गेले. दुकानात शिरले आणि विचारलं, चाचा, चाक थांबलं तरी गाडी का येते? त्यांनी मला बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला. माणूस चांगला, पण बोलायला लागला की थांबत नाही, तुला माहीतच आहे. म्हणाले, बेटी, ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो तो टायर. टायरनं जमीन धरली नाही तर ब्रेक काय करेल बापडा. मग त्यांनी मला एकेका टायरपाशी नेलं आणि अंगठ्याचं नख लावायला सांगितलं. आपल्याकडचा ट्रकचा टायर दगडासारखा, कारण रस्ता तव्यासारखा तापतो, रबर मऊ असेल तर नाशिकला पोचेपर्यंत झिजून जाईल. तोच कडक टायर थंडीत आणखी कडक होतो, लाकूड होतो. थंडीचा टायर मऊ लागतो, गारठ्यातही मऊ राहतो, आणि त्याच्या अंगावर ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला चिमटीत पकडतात. डंपरच्या टायरला असतात मोठे ठोकळे आणि मधे खोल खाचा. चिखलात ते आत रुततात, चिखल बाहेर फेकतात, म्हणून धरतात. बर्फात रुतायचं कशात? चार ठोकळे टेकतात तेवढेच, आणि तेही लाकडाचे.

मी ऐकत होते. अंगठा टायरवरच होता. आणि इक्बालचाचा सहज बोलून गेले, मला ठाऊक आहे असं समजून, की ते डंपरचे टायर घेतले त्या दिवशी अफजल या दुकानात किती भांडला होता. मऊ टायर जम्मूला बदलून घेऊ, नाहीतर निदान साधे नवे टाका, डंपरचे नको. पण माझे सासरे ऐकेनात. स्वतः आले होते, टायरवर हात थापटून म्हणाले होते, आमचा जन्म चिखलात गेला, जो चिखलात धरतो तो कुठंपन धरतो. हरेश बापाच्या शब्दाबाहेर नव्हता. तो तुला म्हणाला, जाऊ दे, बाबांनी डंपर चालवलेत, त्यांना कळतं. आणि वर तुलाच चिडवलं, की एवढे दांडगे टायर असल्यावर आता चाकाला बांधायची चेन कशाला, हत्यारांच्या पेटीतच गंजू दे. चाचा बोलत राहिले आणि मी उठले. चहा तसाच राहिला.

बाबांचं चुकलं असं तरी कसं म्हणू? इथली भातशेतं भरून गोदामं उभी राहिली तेव्हा भरावाच्या मातीत त्यांचा डंपर कधी रुतला नाही, दुसऱ्यांचे रुतायचे आणि ते ओढून काढायचे. पावसाळ्यात अख्खा पट्टा त्यांना हाक मारायचा. त्या माणसानं उभ्या आयुष्यात बर्फ बघितला नाही. चिखलासारखाच असणार, पांढरा चिखल, असं वाटलं असेल. मलाही तसंच वाटलं असतं. इथे कुणालाही वाटलं असतं.

पण तू का रे मीच म्हणालास? हे मला कळायला वेळ लागला. बस थांब्यावर उभी होते, बस आली, गेली, दुसरी आली, तीही गेली. मग कळलं. तू बाबांकडे बघितलं होतंस. खांबाला टेकलेला म्हातारा, पुढ्यात पोराची पेटी. त्यांच्या डोक्यावर हेही कुठे घालायचं, म्हणून स्वतःच्या डोक्यावर घेतलंस. शहाणा मोठा! बाकीचं आयुष्य लूमवर काढायची तयारी आणि रशिदासारख्या बायकोला लोकांची बोलणी ऐकायला लावायची तयारी, आणि ते सगळं एका शब्दात. हरेश असता तर तुझ्या कानाखाली वाजवली असती त्यानं, आणि मग तुला धरून बसला असता.

त्या दिवशी घरी आले तर बाबा ओट्यावर होते. मला त्यांचा राग यायला पाहिजे होता. मी वाट बघितली, आला नाही. भाकरी केली, जवळा केला, त्यांना वाढलं. ते जेवले, मी समोर बसले. हा माणूस सगळं जाणतो आणि रोज माझ्या हातचं जेवतो, असं मनात म्हणून बघितलं. तरी काही हललं नाही आत. मी त्यांना फक्त एवढंच सांगितलं, बाबा, मी गाडीला टायर घेतेय, काश्मीरच्या लाइनचे, मऊ. त्यांनी घास तोंडापाशी नेला आणि परत ताटात ठेवला. त्या दिवसापासून त्यांनी गाडीच्या बाजूला बसणं सोडलं, गोठ्याकडे तोंड करून बसायला लागले. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं. मी मुद्दाम नव्हतं केलं. का केलं असेन? मला खरंच सांगता येत नाही.

टायर निवडायला वेळ लागला. इथे असला माल कुणी ठेवत नाही, चाचांनी जम्मूच्या कुणाला तरी सांगून मागवले. म्हणाले इथून मऊ टायरवर निघालात तर तिकडे पोचेपर्यंत बर्फाला दाखवायला काही उरणार नाही. म्हणून दोन जोड. जाताना साधे नवे रेडियल टायर, मऊ सहाही मागे हौद्यात भरून न्यायचे, घाट लागायच्या आधी बदलायचे. आणि चेन हाताशी ठेवायच्या, सीटखाली, पेटीत नाही. हवासुद्धा तिकडे पुन्हा बघायची, इथल्या गरमीत भरलेली हवा थंडीत बसते. रस्ता नुसता ओला दिसला तर पांढऱ्यापेक्षा जास्त घाबरायचं, तो काचेसारखा बर्फ असतो. हे मी कुणाला सांगतेय? तुला. तू हसशील. हस.

पूर्णाच्या गोदामातून हीटर आणि रजया श्रीनगरला जायच्यात, पार्टी जुनीच आहे, त्यांनी स्वतः फोन केला. तर परवा सकाळी गाडी धुतली, नव्या चाकांना हळदकुंकू लावलं, लिंबं ठेवली. गल्ली जमली. चुलतसासरेही होते, पुढे पुढे करायला. नारळाचा मान आपल्याकडे स्टिअरिंगवर बसणाऱ्याचा, दरवेळी तूच फोडायचास. आता कोण फोडणार? राघो ड्रायव्हर नवीन, तो लाजला. म्हणून सगळे म्हणाले, घरातला मोठा फोडेल. मी नारळ बाबांच्या हातात दिला.

ते चाकापाशी न थांबता मागे हौद्यापाशी गेले. मऊ टायरवर हात ठेवला, नखानं दाबून बघितलं, मी दुकानात बघितलं होतं तसंच. आणि तिथेच मातीत बसले. नारळ मांडीवर. म्हणाले, मना फोडता न्हाय येनार. ते डंपरचे टायर मी घेतलेले. अफजल न्हाय बोलत होता, मी त्याचा आयकला न्हाय. माझा पोर मीच मारला, आनी त्या दुसऱ्या पोराला पन मी मारला, तो उभा राहून माझ्यासाठी खोटा बोलला, आनी मी मान खाली घालून बसलो. सगळ्यांसमोर, अफजल. एकेक शब्द. चुलतसासरे म्हणाले, दादा, उठा, काय बोलता. त्यांनी हात झटकला. म्हणाले, चाक थांबलेला होता. पोर खरा सांगत होता. आता जा आनी पट्ट्यात सगळ्यांना सांगा, जसा तवा सांगितलात.

बायका रडायला लागल्या. मृणाली आजोबांच्या गळ्यात पडली. राघोनं डोळे पुसले, जो हरेशला ओळखतही नव्हता. आणि मी काय केलं असेल? माझ्या मनात आलं, गॅसवर दूध ठेवलंय. आत गेले, गॅस बंद केला, दूध उतू गेलं नव्हतं. ओटा पुसला. बाहेर आले, सगळ्यांना पाणी दिलं. बाबांना उठवलं, हातपाय धुवायला दिले. गाडी त्या दिवशी निघाली नाही. नारळ न फोडता कशी काढायची? पार्टीला सांगितलं, थांबा जरा. ते थांबलेत.

आता खरं सांगते हे कशासाठी लिहिलं. तुझं नाव धुऊन निघालं हे सांगायला पत्राची गरज नव्हती, ते आजपर्यंत शहरात पोचलंच असेल, गाव तेवढं कामाचं आहे. गाडीसाठीही नाही. गाडीला ड्रायव्हर आहे, राघो बरा चालवतो, तुला चालवायची असेल तर चालव, लूमवरच राहायचं असेल तर राहा, तुझी मर्जी. मी लिहिलं कारण हरेश गेल्यापासून मला रडू आलेलं नाही. एकदासुद्धा नाही, पेटी उघडली तेव्हाही नाही. या घरात सगळे माझ्याकडे बघून रडतात आणि मी त्यांना पाणी देत फिरते, आणि मला भीती वाटायला लागलीय की हे असंच राहील. तो पडला तेव्हा त्याच्याजवळ तू होतास, बाकी कुणी नव्हतं. तुझ्यासमोर मला कुणाला सावरायचं नाही. तू ये. बाबांशी बोल, नको बोलूस, नारळ फोड, नको फोडूस. फक्त ओट्यावर माझ्यासमोर बस आणि त्या दिवसाचं पहिल्यापासून सांग, कुणी मधे बोलणार नाही. मला वाटतं मग मला रडू येईल. नाही आलं, तर चहा पिऊन जा.

तुझीच वहिनी,
रंजिता